छातीवरचं नाव

मुलाच्या वाढदिवसाला त्याचं नाव घातलेला शर्ट करून घेणं आता डाव्या हातचा मळ झालं आहे. जिथे पूर्वी झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो एवढंच व्हायचं, त्याच दुकानात आज कपावर, उशीवर आणि शर्टावर नाव छापून मिळतं. सकाळी सांगा, संध्याकाळी न्या. त्यामुळे असे शर्ट उदंड दिसतात आणि उदंड दिसणाऱ्या गोष्टीकडे कोणी नीट बघत नाही. मला बघायची खोड आहे. वाढदिवसाला गेले की फुगे, केक, रिटर्न गिफ्ट सगळं नंतर. नजर आधी उत्सवमूर्तीच्या छातीवर. या बघण्यातून एक मत पक्कं झालं आहे. यातले बहुतेक शर्ट वाढदिवसाचे असतात. मुलाचा शर्ट एखादाच.

असा एक शर्ट सध्या माझ्या टेबलावर आहे. भाचीच्या मुलीचा, पहिल्या वाढदिवसाचा. आता तिला होत नाही म्हणून मी हक्काने मागून घेतला. रंग शेवंतीचा पिवळा. छातीवर डाळिंबी दोऱ्याने भरलेलं एकच नाव, ‘ईश्वरी’. फुगा नाही, मुकुट नाही, केकचा तुकडा नाही, ‘बर्थडे गर्ल’ नाही. पहिल्या नजरेला शर्ट गरीब वाटतो. हातात घेऊन उलटापालटा केला की त्यातली श्रीमंती कळायला लागते.

सुरुवात कापडापासून करू, कारण निवडणारीनेही तिथूनच केली आहे. हे होजिअरीचं सुती कापड. असा कोरा माल मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येतो आणि व्यापारी त्याची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे चौरस मीटरभर कापडाचं वजन किती ग्रॅम ते. हल्ली कॉलेजची मुलं घालतात त्या ढगळ टी-शर्टांचं कापड दोनशेच्या पुढचं असतं. ते अंगावर छान पडतं, पण मे महिन्यात जन्मलेल्या बाळाला ते घालणं म्हणजे शिक्षाच. लहान मुलासाठी १६० ते १८० पुरे. या शर्टाचं कापड चिमटीत धरलं तर पलीकडचं बोट जाणवतं आणि उजेडासमोर धरलं तर आरपार मात्र दिसत नाही. शिवाय ते बायोवॉश केलेलं आहे. या धुण्यात एन्झाइमकडून कापडावरचे सुटे तंतू खाऊन घेतलेले असतात. म्हणून इतक्यांदा धुऊनही त्यावर लोकरीच्या स्वेटरवर येतात तसे गोळे आलेले नाहीत.

गळ्याची तऱ्हा तर फारच सुरेख. खांद्यावर पुढचा आणि मागचा भाग एकमेकांवर नुसते चढवलेले आहेत, शिवून बंद केलेले नाहीत. वर्षाच्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. हा गळा ताणला की डोकं सहज बाहेर येतं आणि सोडला की पुन्हा मानेशी बसतो. याचा खरा उपयोग केकनंतर. क्रीमने माखलेला शर्ट तोंडावरून वर ओढायचा नाही; गळा रुंद करायचा आणि खांद्यांवरून खाली उतरवायचा. केसांना, डोळ्यांना, कानांना काही लागत नाही. बाळाच्या कपड्यांची ही जुनीच युक्ती, पण वाढदिवसाचा शर्ट निवडताना जिला ती आठवली, तिने नावाआधी बाळ पाहिलं.

आता नाव. ‘ईश्वरी’ या अक्षरांकडे नुसती चित्रं म्हणून बघा. पहिल्या ‘ई’च्या डोक्यावर रफाराची आकडी आहे. शेवटच्या ‘री’वर दुसऱ्या वेलांटीची कमान आहे. म्हणजे शिरोरेखेच्या वर दोन्ही टोकांना काहीतरी आहे आणि मधल्या ‘श्व’वर मोकळं आकाश. संगणकात नाव टंकून तसंच्या तसं उतरवलं असतं तर ही रिकामी जागा रिकामीच राहिली असती आणि कोणाला काही वाटलंही नसतं. इथे अक्षरं काढणारीने ‘री’ची वेलांटी मागे ओढली आहे. दंडावरून निघालेली कमान ‘र’वर न थांबता ‘श्व’च्या वरून जाते आणि ‘ई’च्या आकडीला टेकायच्या आत थांबते. टेकली असती तर नावाला झाकण बसलं असतं आणि ‘ई’ वाचताना अडखळायला झालं असतं. तेवढं एक बोटाच्या पेराहून कमी अंतर तिने राखलं, आणि त्या अंतरातच सगळी अदाकारी आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींमधली शीर्षकं वर्षानुवर्षं रेखाटली, तेव्हा प्रत्येक नावाची काना-मात्रा-वेलांटी त्या नाटकाच्या कामाला लावली होती. ती नजर झिरपत झिरपत एका झबल्याएवढ्या शर्टापर्यंत पोचलेली बघून मला फार बरं वाटलं.

त्यातला ‘श’ही बघण्याजोगा. हा देठाचा, मराठी वळणाचा ‘श’ आहे. २००९ साली राज्य शासनाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली तेव्हा देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही आपली वळणं म्हणून नक्की केली. संगणकात मात्र हिंदी आणि मराठी वळण एकाच अक्षराच्या जागेवर नांदतात, आणि मराठी हवं असं मुद्दाम सांगितलं नाही तर बहुतेक फाँट हिंदी वळण पुढे करतात. म्हणून ‘श्लोक’, ‘शाल्मली’, ‘नील’ अशा नावांचे शर्ट पाहिले की मी आधी ‘श’ आणि ‘ल’ तपासते. हिंदी वळण आलं म्हणून नाव चुकत नाही. पण अंगणवाडीत जाऊन हेच मूल पाटीवर पाकळीचा ‘ल’ गिरवणार असेल, तर त्याच्या छातीवरही तोच असावा एवढी अपेक्षा काही फार नाही.

हे नाव मशीनवर भरलेलं आहे, पण मशीनवर सोडून दिलेलं नाही. भरीव टाक्यात दोरा अक्षराच्या रेषेला आडवा पडतो आणि त्याची चकाकी दोऱ्याच्या दिशेवर ठरते. ‘व’च्या पोटात रेष वळते तसा इथे टाकाही हळूहळू वळला आहे, त्यामुळे शर्ट हलला की उजेड त्या पोटातून फिरत जातो. सगळे टाके एकाच दिशेने टाकले असते तर अक्षर वाचता आलं असतं, पण त्यात जीव आला नसता. दुसरी गोष्ट रुंदीची. असा टाका साधारण सात-आठ मिलिमीटरच्या पलीकडे गेला की दोरा लांब आणि सैल होतो, आणि बाळाच्या नखात किंवा आईच्या बांगडीत अडकतो. इथे दंड त्याच्या पुष्कळ आत ठेवलेले आहेत. जाड अक्षराचा मोह टाळून बारीक, पण ठाम अक्षर निवडण्यामागे सौंदर्यदृष्टी आहेच, त्याहून अधिक बांगडीचा विचार आहे.

शर्ट उलटा करा. पैठणी घेताना आपल्याकडच्या बायका पदर उलटा करून बघतात, कारण हातमागाच्या खऱ्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मशीनच्या भरतकामाकडून तेवढी अपेक्षा करता येत नाही, पण बघायची सवय तीच. होजिअरीचं कापड ताणणारं असतं, त्यावर नुसतं भरलं तर अक्षराभोवती चुण्या पडतात. म्हणून आतून एक आधाराचं कापड लावतात. हे आधाराचं कापड खरबरीत असतं. मुलं नावाच्या शर्टात रडतात, शर्ट ओढतात, छाती खाजवतात आणि पाहुणे म्हणतात, गर्दीला घाबरलं. गर्दीला नाही, आतल्या बाजूला वैतागलेलं असतं. या शर्टात त्या खरबरीत आधारावर आणखी एक पातळ, मऊ अस्तर इस्त्रीने चिकटवलेलं आहे, त्याचे कोपरे गोल कापले आहेत आणि अक्षरा-अक्षरामधले सुटे दोरे नेटके कातरले आहेत. बाहेरच्या बाजूचे फोटो शंभर निघाले असतील. ही बाजू फक्त ईश्वरीने अनुभवली. तिच्या एकटीसाठी कोणीतरी एवढा वेळ घातला, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं.

छापील नावाला मी नाक मुरडत नाही. भरतकाम महाग पडतं, वेळ खातं, आणि सहा वर्षांच्या मुलाला डायनासोर हवा असेल तर तो दोऱ्याने भरत बसण्यात अर्थ नाही. एखाददुसऱ्या शर्टाला सध्या डीटीएफ सोयीचं पडतं. रंगीत नाव आधी पातळ फिल्मवर उमटवायचं, त्यावर गोंदाची पूड भुरभुरायची आणि दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या हीट प्रेसखाली काही सेकंद दाबायचं. गोम अशी की जेवढ्या भागावर रंग, तेवढ्या भागावर प्लॅस्टिकचा पापुद्रा. छातीभर चौकोनी फोटो घेतला तर छातीभर घाम. जाणता छापणारा अक्षरांमधली जागा मोकळी सोडतो, मोठ्या आकारांना ठिपक्यांनी विरळ करतो, मागची पांढरी चौकट काढून टाकतो. शर्ट हातात घेऊन छपाईवरून तळवा फिरवा. कापड कुठे संपलं आणि चित्र कुठे सुरू झालं ते हाताला चटकन कळलं नाही, की समजा दुकान बरं आहे.

पण छपाईत खरी परीक्षा होते ती अक्षरांची. मुलांच्या शर्टाला गुबगुबीत अक्षर हवं, हे सगळ्यांना पटतं. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला ‘बलू’ या कामाला फार गोड फाँट आहे. तो अनेक भारतीय लिप्यांमध्ये आहे आणि त्याच्या भावंडांची नावंही मजेशीर आहेत: गुजरातीला भाई, बंगालीला दा, पंजाबीला पाजी, तमिळला तंबी. जाड असूनही त्याच्या अक्षरांची पोटं उघडी राहतात, म्हणून लांबूनही वाचता येतो. त्याच गटाचा ‘मोदक’ त्याहून लठ्ठ. त्याच्यात अक्षराच्या आतली पोकळी जवळजवळ एका रेघेएवढी उरते. मोठ्या आकारात तो जिवंत दिसतो, पण दीड इंचात छापला की रेघा बुजतात आणि मग गंमत सुरू होते. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ गेली की उरतो ‘व’. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात फरक तो काय, डोक्याशी एवढीशी फट. ती बुजली की मेधाची मेघा होते. ‘भ’ आणि ‘म’ यांचं भांडणही तिथलंच. आपल्या लिपीत अशी जुळी अक्षरं किती आहेत ते जाड फाँट निवडल्यावरच ध्यानात येतं. म्हणून नावात ब, ध, भ असेल तर थोडं सडपातळ अक्षर घ्यावं, आणि ‘रमा’सारखं सुटसुटीत नाव असेल तर खुशाल ‘मोदक’ घ्यावा. ‘रमा’ मोदकात काय दिसतं!

विंडोजबरोबर पूर्वी आपोआप यायचा तो ‘मंगल’ मात्र छातीवर नको. र. कृ. जोशी यांनी तो संगणकाच्या पडद्यावर वाचण्यासाठी बेतला, आणि ते काम तो चोख करतो. शर्टावर तो आला की मूल वाढदिवसाला नाही, तहसील कचेरीत निघालंय असं वाटतं.

कमानीत लिहिलेल्या नावाचं काय होतं, तेही एकदा निरखून पाहावं. रोमन अक्षरं सुटी असतात आणि खालच्या रेषेवर उभी राहतात, त्यामुळे ती अर्धवर्तुळात सहज मांडता येतात. कॉलेजच्या नावाच्या टी-शर्टांवर आपण ते नेहमी बघतो. देवनागरी अक्षरं शिरोरेखेला लटकतात. दुकानातल्या संगणकाने एकेक अक्षर सुटं फिरवलं की शिरोरेखेचे तुकडे पडतात आणि कमानीऐवजी मोडकी पायरी तयार होते. हा दोष दहापैकी नऊ जणांना दिसत नाही, पण नाव काहीतरी खटकतं हे दहाही जणांना जाणवतं. इलाज सोपा आहे. शिरोरेखा आधी एकसलग कमान म्हणून काढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगायची, प्रत्येकाला थोडं खाली निमुळतं करत. हे केलेला एक शर्ट मी पाहिला आहे, ‘राजवर्धन’ नावाचा. पाच अक्षरं, वरून सलग वळलेली ओळ, आणि त्या ओळीच्या वर बसलेला ‘ध’वरचा एकुलता एक रफार. रफार कमानीच्या वळणाला अचूक काटकोनात होता. एवढ्यासाठी त्या मुलाला मी दोनदा जवळ बोलावलं.

अक्षरांमध्ये जागा वाढवली तरी शिरोरेखा तुटते. आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू केलेली नसेल तर याहून मोठा घोटाळा होतो: ‘वि’ची पहिली वेलांटी ‘व’च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते, आणि जोडाक्षर जुळण्याऐवजी पाय मोडून उभं राहतं. म्हणून मॅटर व्हॉट्सॲपवर टंकून पाठवून मोकळं होऊ नये. हाताने कागदावर ठळक लिहून त्याचाही फोटो पाठवावा, आणि छापण्याआधी पडद्यावर काय दिसतं ते मागून घ्यावं. ‘मृण्मयी’च्या आईने हे करायलाच हवं. ‘रमा’च्या आईला एक वेळ सूट.

नाव कुठे बसवायचं याची अक्कल मला एका शिंप्याकडून मिळाली. दुकानदार शर्टाच्या मधोमध नाव टाकतात. हँगरवर ते बरोबर दिसतं. पण मूल हँगरवर नसतं. औक्षणाला त्याला पाटावर बसवतात. पाटावर बसलेल्या वर्षाच्या बाळाचं पोट पुढे येतं, शर्टाला पोटावर घडी पडते, आणि मधोमध टाकलेलं नाव नेमकं त्या घडीत जातं. केक कापताना तर टेबलाच्या वर फक्त छातीचा वरचा भाग दिसतो. शिवाय पुढच्या वर्षीही यावा म्हणून आपण शर्ट एक नंबर मोठा घेतलेला असतो. मोठ्या शर्टात मध आणखी खाली घसरतो. म्हणून माप शर्टाच्या मध्यापासून न घेता गळ्यापासून घ्यायचं. ईश्वरीच्या शर्टावर शिरोरेखा गळ्याच्या पट्टीखाली आईची तीन बोटं सोडून आहे, आणि नाव दोन्ही काखांपासून पुरेसं आत. तिचे पाटावरचे फोटो मी पाहिले आहेत, केकवर वाकलेली असतानाचे पाहिले आहेत, आजोबांच्या कडेवरचेही पाहिले आहेत. एकाही फोटोत नावाचं एकही अक्षर गेलेलं नाही.

रंगाची निवडही औक्षणानेच केली असावी. निरांजनाचा उजेड खालून येतो आणि पिवळा असतो. त्या उजेडात निळं काळपट दिसतं, पांढरं पिवळट दिसतं. पिवळा मात्र खुलतो. कुंकू लावताना त्याचे कण छातीवर सांडणारच. पांढऱ्या शर्टावर ते डाग होतात, शेवंतीच्या पिवळ्यावर डाळिंबी नावाच्या आसपास पडले तर नक्षीत मिसळून जातात. आणि चमचम? सोनेरी फॉइल किंवा चमकीचं व्हिनाईल दुकानात डोळ्यांत भरतं, पण फोनचा फ्लॅश पडला की अक्षरांवर उजेडाची पांढरी ठिगळं दिसतात आणि नाव वाचता येत नाही. ज्या शर्टाचं अख्खं आयुष्य फोटोत जायचं, त्यावर फोटोत न दिसणारं नाव घालण्यासारखा विनोद नाही.

खणाच्या कापडाचे फ्रॉक आणि कुर्ते हल्ली वाढदिवसाला आवडीने शिवून घेतात, आणि त्यावरही नाव हवं असतं. खणात आधीच बारीक बुट्ट्यांची दाटी असते. त्यावर भरलेलं नाव बुट्ट्यांत हरवतं. शहाणे लोक छातीशी साध्या कापडाची पट्टी जोडून घेतात आणि नाव तिच्यावर भरतात. खणही राहतो, नावही.

मोठ्या मुलांच्या शर्टाचा विषय निघाला की नाव पाठीवर जातं. याचं मूळ क्रिकेटमध्ये. १९९२च्या विश्वचषकात रंगीत कपडे आले, त्यांच्या पाठीवर खेळाडूंची नावं आली, आणि १९९९च्या विश्वचषकात आकडेही. आपल्या घराघरांतल्या मुलांनी तिथूनच हे उचललं. यात पालकांना फुकटात मिळणारा एक आनंद आहे: सातव्या वाढदिवसाला पाठीवर ७ म्हणजे धोनी, दहाव्याला १० म्हणजे सचिन. वय आणि दैवत एका आकड्यात. सातव्या आणि दहाव्या, दोन्ही वाढदिवसांना ही संधी साधली नाही, तर पुढे थेट अठराव्याची वाट पाहायची, कोहलीसाठी. पाठीवर बहुधा आडनाव असतं, आणि देवनागरी आडनावांची शान पाठीवरच कळते. ‘कऱ्हाडकर’ घ्या. त्यातला ‘ऱ्ह’, मराठीचा खास अर्धा र, छापणाऱ्याला नीट जमला की आडनाव पाठभर डौलात पसरतं. नाही जमला तर पोरगं दिवसभर भलत्याच आडनावाने हिंडतं.

सगळ्या कुटुंबाने एकसारखे शर्ट घालायचे, प्रत्येकावर नातं लिहायचं, ही तऱ्हा मला सहसा आवडत नाही. ‘ईश्वरीचे बाबा’, ‘ईश्वरीची मावशी’, ‘ईश्वरीचे नागपूरचे आजोबा’ असे दहा शर्ट एका फोटोत आले की फोटो लग्नातल्या वाजंत्र्यांच्या पथकाचा वाटतो. एकच अपवाद मी मान्य करते: आत्या. बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव तिनेच सांगितलेलं असतं. बाळाच्या छातीवर ते नाव आणि आत्याच्या शर्टावर नुसतं ‘कुर्रर्र’ असा एक जोड मी पाहिला. बाकी कोणाच्या शर्टावर काही नव्हतं. लांबलचक वाक्य कोणी लिहिलं असतं तर त्यातली गंमत गेली असती.

कोणतं नाव घालायचं, याचा निर्णय घराघराचा. हॉलमधल्या कार्यक्रमासाठी पूर्ण नाव शोभतं. त्याच शर्टात मूल बागेत, बाजारात, रेल्वेत जाणार असेल तर अनोळखी माणसालाही ते छातीवर वाचता येतं आणि नावाने हाक मारता येते. अशा वेळी घरातलं लाडाचं नाव बरं, चिऊ, पिल्लू, बाळ्या. किंवा नाव गळ्याच्या आतल्या पट्टीवर भरलेलं बरं. ते फक्त कपडे घालणाऱ्याला दिसतं.

आणि वय? ईश्वरीच्या छातीवर ‘१’ नाही. असता तर शर्ट एका दिवसाचा झाला असता. शिवाय आपला देवनागरी एक इंग्रजी नऊशी इतका जुळतो की सोसायटीतल्या परभाषक शेजाऱ्यांनी, हे बाळ नऊ वर्षांचं कसं, असं नक्की विचारलं असतं. आकडा डाव्या बाहीवर आहे: डाळिंबी कापडाचा छोटा गोल, त्यावर पिवळ्या दोऱ्याने भरलेला ‘१’, मागून दोन टिचबटणांनी लावलेला. दोन, कारण एकावर तो गरगर फिरला असता आणि बाळाने ओढून तोंडात घातला असता. टिचबटणांच्या जागी आतून कापड दुहेरी केलं आहे, नाहीतर होजिअरी तिथे फाटते. वाढदिवस झाला, गोल काढून डब्यात ठेवला, आणि शर्ट रोजच्या कपड्यांत गेला. भाचीने तो सात-आठ महिने घातला. आतून उलटा करून गार पाण्यात धुतला, इस्त्री उलट्या बाजूनेच केली. मुलीला तो होईनासा झाला तेव्हा ‘श्व’चा एक टाकाही सुटलेला नव्हता. दुसऱ्या वर्षीचा शर्ट आकाशी आहे, बाहीवर त्याच जागी टिचबटणं आहेत, आणि यंदाच्या गोलावर ‘२’ भरायला टाकला आहे.